भाच्याचा मान

रुपराव ठेकेदार सख्ख्या बहिणीच्या घरी पाण्याचा पेला तोंडाला लावायचा, तर आधी खिशात हात घालायचा. बहिणीच्या घरचं फुकट खायचं नाही हा त्याच्या घराण्याचा नेम, आणि नेम पाळण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. नागपुरात सक्करदऱ्याच्या तिच्या दोन खोल्यांत तो आला, की निघताना भाच्याच्या हातावर काहीतरी ठेवायचा, वाकून त्याच्या पायाला हात लावायचा आणि मगच वहाणा घालायचा. वैनगंगेच्या काठच्या त्यांच्या लोकांत भाचा देवाच्या जागी. भाच्याला रिकाम्या हातानं पाठवलं तर मामाला पाप, आणि भाच्यानं मान नाकारला तर मामाच्या घराचं नाक कापलं जातं. कौशल्या, म्हणजे रुपरावची धाकटी बहीण, हे सगळं ऐकतच मोठी झाली होती. त्यातूनच एक दिवस आपल्या पोराचं वाटोळं होईल हे तिला कळलं नाही, आणि तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिलाही कळलं नसतं.

कौशल्येचा एकुलता एक पोरगा शालिकराम टेलिफोन खात्यात मेकॅनिक होता आणि रविवारी विमान चालवत होता. एवढं एका दमात सांगितलं, की ऐकणारा आधी हसायचा आणि मग तिच्या तोंडाकडे पाहत राहायचा. बाप रामाजी महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर, आणि पोरगा आकाशात. हसण्यासारखंच होतं ते. मोहल्ल्यातली त्याच्या वयाची पोरं पानठेल्यावर उभी राहून सिनेमाच्या गप्पा हाणायची, तेव्हा हा सायकल मारत विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबात जायचा आणि अर्धा पगार तिथे ओतून यायचा.

चार वर्षं लागली त्याला. डॉक्टरनं कान, डोळे, छाती सगळं तपासलं. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात लपलेले आकडे ओळखायला लावले, कारण ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याच्या हाती विमान देत नाहीत. मग हवामानाचा पेपर, नकाशाचा पेपर, कायद्याचा पेपर. आधी शिकवणाऱ्या कॅप्टनबरोबर उडायचं, मग एकट्यानं, मग एकट्यानंच दुसऱ्या गावाला जाऊन परत यायचं. प्रत्येक उड्डाण वहीत लिहायचं आणि खाली कॅप्टनची सही घ्यायची. त्या वहीत एका मिनिटाचंही खोटं लिहायचं नाही म्हणून शालिक घड्याळ पुढे-मागे होतं का ते रोज रेडिओवर पडताळून पाहायचा. सदुसष्ट सालच्या दसऱ्याच्या आधी दिल्लीहून लायसन आलं. फोटो चिकटवलेली एक लहानशी पुस्तिका, आतला सगळा मजकूर इंग्रजी.

घरात इंग्रजी वाचणारे दोघे. पोराला लाज वाटत होती म्हणून बापानं वाचलं. रामाजी खिळे जुळवणारा माणूस, एकेक अक्षर सुटं करून वाचायची त्याला सवय.

“हे पाह्य कौशल्या,” तो म्हणाला, “आता हा आपल्या बाजूले माणूस बसवू शकते. तुले बसवू शकते, मले बसवू शकते. दिवसा उडायचं, आभाळ साफ असलं का उडायचं. पण कोणाकडून पैसा घेता येत नाही. भाडं नाही, बक्षीस नाही. घेतलं का लायसन गेलं.”

“मंग कायच्या कामाचं?” कौशल्येनं विचारलं.

शालिक हसला. “ह्याच्यावर घंटे जमतात, आई. घंटे जमले का मोठं लायसन. त्याच्यावर पगार भेटते.”

खरी गोष्ट ती होती. मोठ्या लायसनाचं शिक्षण स्वतःच्या खिशातून करणं शेठजींच्या पोरांचं काम. पण सरकार दरवर्षी थोड्या पोरांना आपल्या खर्चानं ते शिकवायचं. वय सव्वीसच्या आत, तास भरपूर, आणि नावावर एकही डाग नको. शालिक नुकताच पंचवीस वर्षांचा झाला होता, आणि क्लबानं वर पाठवलेल्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती यादी उघडणार होती. ते झालं असतं, तर टेलिफोनच्या खांबावर चढणारा पोरगा प्रवासी विमानाच्या पुढच्या खुर्चीत बसला असता. कौशल्येनं लायसनाची पुस्तिका देवापुढे ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट पहिल्याच पानावर उमटलं. रामाजी म्हणाला, कागद खराब केला. ती म्हणाली, कागदाचं सोनं केलं.

त्याच हिवाळ्यात रुपरावच्या ओमप्रकाशचं लग्न ठरलं. मुलगी गोंदियाच्या धानाच्या गिरणीवाल्याची. रुपराव तेंदूपत्त्याचा ठेकेदार होता, चार पैसे बाळगून होता, पण व्याही त्याच्याहून दोन बोटं वर. त्यानं निरोप पाठवला, की नवरदेवाची मिरवणूक हत्तीवरून काढू. तेव्हापासून रुपरावला एकच घोर लागला. व्याही हत्ती आणतो, तर वरबापानं काय आणायचं? नाकापेक्षा मोती जड झाला तरी चालेल, पण मोती दिसला पाहिजे, अशी त्याची जात. एका सकाळी तो बहिणीकडे आला आणि पाटावर बसायच्या आधीच म्हणाला, “शालिक, माह्या ओमप्रकाशले विमानात नेशील का?”

शालिकनं विचार केला. क्लबाचं पुष्पक नावाचं विमान दोन माणसांचंच, एक चालवणारा आणि एक बाजूला. गोंदियाजवळ लढाईच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी अजून होती. तासाभराची वाट, आणि दुसऱ्या गावाला जाण्याचे तास त्याला हवेच होते.

“नेतो, मामाजी. पण एक गोष्ट आहे. तुम्ही पैसा द्यायचा नाही.”

“तेल तरी माह्याकडून.”

“तेल पण नाही. क्लबाचे पैसे मी भरतो. मले तसंही उडाच लागते. तुमच्याकडून काही घेतलं, तर ते भाडं होते, आन् माह्या लायसनावर भाडं चालत नाही.”

“बरं गा, नाही देत,” रुपराव म्हणाला. मग चहा झाला, तारीख ठरली, आणि निघताना त्यानं नेहमीसारखी दहाची नोट शालिकच्या हातावर ठेवून त्याच्या पायाला हात लावला. शालिकनंही ती नेहमीसारखी घेतली. घंटाभर नियमावर बोलणं झालं होतं, पण ती नोट त्या खोलीतल्या चार माणसांपैकी एकाच्याही नजरेला खुपली नाही.

लग्न फाल्गुनात, गोरज मुहूर्तावर. म्हणजे अक्षता सूर्य बुडताना पडणार. शालिकनं आधीच सांगितलं होतं, की मी अक्षतांना थांबणार नाही. अंधाराच्या आत विमान नागपूरला परत पाहिजे. वऱ्हाड आदल्या दिवशी रेल्वेनं गेलं, त्यात कौशल्या आणि रामाजी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी धावपट्टीच्या कडेला माणूस मावेना. बैलबंड्या सोडून लोक बंड्यांवर चढून उभे होते. हत्तीही आणून उभा केला होता. पण त्याच्याकडे कोण पाहतो? आधी आवाज आला, मग पळसाच्या झाडांवरून ते लहानसं विमान वळलं आणि एखाद्या शहाण्या पाखरासारखं जमिनीला टेकलं. कौशल्येच्या डोळ्यांना धार लागली. शेजारची बाई म्हणाली, “काहून रडून राहिली वं बाई? काही होते काय?” कौशल्येनं मान हलवली. तिला त्या घटकेला कोणाशी बोलायचंच नव्हतं.

ओमप्रकाश उतरला, थोडा पांढरा पडला होता, पण उतरला. रुपरावनं व्याह्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांची त्याची भूक त्या एका पाहण्यात भागली.

मांडवात चहा-पाणी झालं. शालिक घड्याळ पाहत उठला. तेवढ्यात रुपरावनं हात वर करून बँड थांबवला. भाचा निघाला, आणि मामा त्याला रिकाम्या हातानं पाठवणार? त्यानं भाच्याच्या डोक्यावर फेटा बांधला, अंगावर शेला घातला, खिशातून सोन्याची अंगठी काढली आणि दोनशे एक्कावन्न रुपयांचं पाकीट काढलं. फोटोवाला पुढे सरकला. शालिकनं हात मागे घेतले.

“मामाजी, शेला घेतो. हे नको.”

व्याह्याकडच्या बाया एकमेकींना कोपर मारू लागल्या. रुपराव अंगठी धरून तसाच उभा, चेहरा उतरलेला. कौशल्या पुढे झाली.

“काहून अडून राहिला? घे.”

“आई, मले नाही चालत. बाबानं वाचून दाखवलं होतं ना तुले.”

“ते लोकायचं. हा तुहा मामा आहे. भाच्याचा मान आहे तो, भाडं आहे काय? माह्या माहेराचं नाक कापतो का चार लोकांत? तुले माही शपथ आहे, शालिक.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला लायसन आठवत होतं. अगदी शब्दन् शब्द आठवत होतं. पण भावाचा उतरलेला चेहरा समोर होता आणि दिल्ली लांब होती. शालिकनं आईकडे पाहिलं, मग बोट पुढे केलं. रुपरावनं अंगठी घातली, पाकीट हातात दिलं, आणि भर मांडवात पंचवीस वर्षांच्या भाच्याच्या पायांवर डोकं ठेवलं. फोटो निघाला. आहेर पुकारणारा माणूस भोंग्यावर ओरडला, “विमान आणणारे पायलट शालिकराम यांना रुपरावजी ठेकेदार यांच्याकडून सोन्याची अंगठी आणि दोनशे एक्कावन्न रुपये.” टाळ्या पडल्या. शालिक सूर्य मावळायच्या पाऊण तास आधी नागपूरला उतरला आणि तेही त्यानं वहीत लिहिलं.

वऱ्हाड परतल्यावर तो आईला म्हणाला, अंगठी परत करून ये. कौशल्या म्हणाली, भाच्याला दिलेलं परत करणं म्हणजे मामाच्या मरणाची वाट पाहणं. अंगठी तिनं कुंकवाच्या करंड्यात ठेवली. पाकीट शालिकनं दुसऱ्याच दिवशी मामीच्या हाती नेऊन दिलं, आणि मामीनं ते पुढच्या संक्रांतीला देऊ म्हणून कपाटात टाकलं.

इथवर झालं ते घरातल्या घरात राहिलं असतं. पण हौस घरात राहत नाही. रुपरावनं फोटो आणि हातानं लिहिलेला मजकूर एका साप्ताहिकाला पाठवला. ते साप्ताहिक छापलं जायचं महालातल्या त्याच छापखान्यात, जिथे रामाजी खिळे जुळवायचा. मजकूर रामाजीच्याच पुढ्यात आला. त्यात पोराचं नाव होतं. ‘शालिकराम’ हे नाव त्यानं दोनदा जुळवलं, पहिल्यांदा त्याला ते सरळ वाटलं नाही म्हणून. पण तो मजकूर एकेक अक्षर सुटं करून जुळवत होता, वाचत नव्हता. तीस वर्षं हेच काम करणारा माणूस वाचत नाही. ‘श्री. रुपराव ठेकेदार यांनी चिरंजीवाच्या लग्नासाठी खास विमान भाड्याने आणले’ ही ओळ त्यानं स्वतःच्या बोटांनी बसवली आणि साप्ताहिकाच्या पाच प्रती घरी आणल्या. शालिक ड्यूटीवरून आला, कपडे न बदलता त्यानं तो अंक वाचला आणि दारातच बसला.

“बाबा, हे तुम्ही जुळवलं?”

रामाजीनं तेव्हा ती ओळ पहिल्यांदा वाचली. त्या रात्री त्या घरात कोणी जेवलं नाही.

अंक कोणी दिल्लीला पाठवला ते कधी कळलं नाही, आणि कळूनही काय होणार होतं? एप्रिलात पत्र आलं. खाजगी लायसन असताना भाड्यानं प्रवासी नेल्याचं दिसतं, खुलासा करा. चौकशीला मुंबईचा साहेब येणार होता, क्लबाच्या ऑफिसातच. साक्षीला मामा.

आदल्या दिवशी कौशल्या इतवारीत भावाच्या घरी गेली. “दादा,” ती म्हणाली, “एक वाक्य सांग. भाडं नाही, मामा म्हणून देलं. एवढंच सांग.”

“कौशल्या, एवढ्यासाठी एवढी पायपीट काहून केली? सांगून देतो ना. भाचा आहे तो माहा.”

तिचा विश्वास बसला. न बसायला काय झालं होतं? वहिनी गोपिकेनं तिला साखरेचं पाणी दिलं आणि ती चालत घरी आली.

चौकशीच्या दिवशी ऑफिसाबाहेर व्हरांड्यात बाकावर कौशल्या बसली होती. रुपराव टांग्यातून उतरला, आणि त्याच्याबरोबर व्याही. व्याही मुलीला भेटायला नागपूरला आला होता, आणि सरकारी साहेबानं आपल्याला बोलावलं आहे हे त्याला दाखवल्याशिवाय रुपरावला राहवलं नव्हतं. व्याही कौशल्येच्या शेजारीच बसला, गुडघ्यावर टोपी ठेवून. ऑफिसची खिडकी सताड उघडी होती. उन्हाळ्याचे दिवस.

आतला साहेब आवाज न चढवणारा होता. त्यानं लायसन उघडलं, पहिल्या पानावरचं लाल बोट पाहिलं.

“हे काय?”

“आईनं पूजा केली होती,” शालिक म्हणाला.

साहेबानं पान उलटलं. वही पाहिली, पावत्या पाहिल्या. “क्लबचे पैसे तुम्ही स्वतः भरलेत. प्रवासी नेण्याआधी जेवढी उड्डाणं हवीत तेवढी झाली आहेत. डॉक्टरांचा दाखला चालू आहे. उजेडात परत आलात. तुमची वही मी पाहिलेल्या वह्यांत सगळ्यात स्वच्छ आहे. राहिला प्रश्न अंगठीचा आणि पाकिटाचा. ते कशाबद्दल होतं?”

“भाचा म्हणून, साहेब. आमच्यात देतात.”

“ते तुमच्या मामांनी सांगितलं, की मी तसं लिहीन आणि विषय संपेल.”

कौशल्येनं पदराखाली हात जोडले. रुपरावला आत बोलावलं. साहेबानं छापलेला फोटो त्याच्यापुढे ठेवला. “तुम्ही विमान भाड्यानं आणलं असं इथे लिहिलंय. हे भाडं होतं, की भाच्याला दिलेली भेट?”

रुपरावनं फोटो पाहिला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर व्याही मान वाकडी करून ऐकत होता. गेले दोन महिने गोंदियापर्यंत ज्याला त्याला सांगून झालं होतं, की विमान भाड्याचं, रोकडा मोजून आणलेलं. आता ‘नाही’ म्हणायचं, म्हणजे व्याह्याच्या देखत कबूल करायचं, की ठेकेदाराचा पोरगा बहिणीच्या पोराच्या उपकारावर मांडवात आला.

“साहेब,” तो म्हणाला, “रुपराव ठेकेदार कोणाचं फुकट घेत नाही. बहिणीच्या घरचं तर बिलकुल नाही. जे लागलं ते देलं.”

“म्हणजे भाडं दिलंत?”

“भाडं म्हणा, का काही म्हणा. देलं.”

साहेबानं पेन खाली ठेवलं. “नीट विचार करून सांगा. यात मुलाचं नुकसान आहे.”

“विचार काय करायचा त्याच्यात? आन् काही दंड बसत असन, तर सांगा, तो पण मीच भरतो.”

कौशल्या उठून खिडकीशी गेली. “दादा,” ती म्हणाली, एवढंच. पट्टेवाला धावत आला आणि त्यानं तिला हातानं मागे सारलं. आत सहीचा कागद पुढे सरकला आणि रुपरावनं ठेक्याच्या कागदावर करायचा तशीच झोकदार सही केली. व्याह्यानं समाधानानं टोपी डोक्यावर घातली. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं तरी कोणाच्या नावानं?

बाहेर आल्यावर रुपराव तिला म्हणाला, “काहून तोंड पाडून राहिली? दंड मी भरतो म्हटलं ना.” त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तेच तिला सोसवेना. कपट असतं, तर तिनं त्याला तिथल्या तिथे चार शब्द ऐकवले असते.

आषाढात दिल्लीचा कागद आला. दंड नव्हताच. लायसन एक वर्षासाठी बंद. त्याच आठवड्यात यादी उघडली, आणि नावावर डाग असलेला म्हणून शालिकचं नाव त्यातून काढलं होतं. तिसऱ्या नंबरचा पोरगा गेला. वर्षानं लायसन परत मिळालं असतं, पण तोवर शालिक सव्वीस ओलांडणार होता आणि यादी त्याच्यासाठी कायमची मिटली होती.

रामाजीनं कागद दोनदा वाचला. हल्ली तो सगळंच दोनदा वाचायचा. कौशल्या म्हणाली, “वर्षानं देतील ना परत? मंग उडशील.”

“वर्षानं पुन्हा डॉक्टर, पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्धा पगार,” शालिक म्हणाला. “आन् त्याच्यावर पैसा तर घेता येत नाही. तूच म्हणली होती ना आई, मंग कायच्या कामाचं?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिनं त्या दिवसापासून खायला सुरुवात केली. रविवारी सकाळी क्लबाचं विमान सक्करदऱ्यावरून जायचं, तेव्हा शालिक खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. झोपलेला नाही हे तिला दिसायचं. एकदा तिनं विचारलं, रागावला का माझ्यावर. तो म्हणाला, “नाही वं आई. भाच्याच्या मानापेक्षा मामाजीचं नाक जास्त मजबूत होतं, हे मले आधी समजाले पाहिजे होतं.” मग त्यानं बूट घातले आणि तो ड्यूटीला गेला.

दिवाळी आली. भाऊबीजेला रुपराव आला, दरवर्षीसारखा, नवं धोतर, कपाळाला गंध. चौकशीनंतर तो पहिल्यांदाच येत होता. रामाजीनं या म्हटलं. शालिक बाजेवर बसून होता; रुपरावनं वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि त्याच्या हातावर नोट ठेवली. शालिकनं हात उघडाच ठेवला. नोट पंख्याच्या वाऱ्यानं जमिनीवर गेली. कोणी उचलली नाही.

कौशल्येनं पाट मांडला, रांगोळी घातली, ताट आणलं. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. ओवाळताना सुपारी आणि अंगठी भावावरून फिरवायची ही रीतच. कौशल्येकडे स्वतःची अंगठी होती, पण ती तिच्या बोटातच होती. ताटातली दुसरी होती. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, अंगठी हातात घेऊन भावाच्या चेहऱ्यावरून फिरवली. रुपरावनं ती ओळखली. ओळखणारच, सोनाराकडे स्वतः बसून घडवली होती.

ओवाळून झालं तसा त्याचा हात खिशात गेला. पाकीट बाहेर आलं, यंदाचं जाड होतं. कौशल्येनं ताट मागे घेतलं.

“नको ठेवू, दादा.”

“काहून वं?”

“घेतलं का भाडं होते.”

रुपराव तिच्याकडे पाहत राहिला. तिनं अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली, लहान पोराची मिटवतात तशी.

“हे पहिलं भाडं परत. ते पाकीट वहिनीजवळच आहे. माह्या पोरानं तुह्या पोराले फुकट नेलं होतं, दादा. साहेबाले नाही सांगता आलं, तर नको सांगू. पण तुले ठाऊक असू दे.”

“कौशल्या, मी दंड भरतो म्हटलं होतं—”

“कुठी भरशील? कोणाजवळ?”

त्यानं शालिककडे पाहिलं, मग रामाजीकडे. रामाजी जमिनीवरच्या नोटेकडे पाहत होता. रुपराव उठायला लागला, तेव्हा कौशल्येनं ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. पुरणपोळी, वड्याची भाजी, वाटीत तूप.

“बस,” ती म्हणाली. “भाऊबीजेले भाऊ उपाशी गेला, तर लोक मले नाव ठेवतील. अन् तुले तर माहीतच आहे, आपल्या घरी नाकाची लई काळजी.”

तो बसला. मान खाली घालून पानातलं सगळं संपवलं, एक घास टाकला नाही. पाणी प्याला. हात धुऊन सवयीनं खिशाकडे नेला आणि तसाच खाली सोडला. मग वहाणा घालून तो बाहेर पडला. जन्मात पहिल्यांदा रुपराव ठेकेदार बहिणीच्या घरचं फुकट जेवला होता.